एंटर दाबला की अर्धवट फॉर्म सेव्ह होतोय, पुढच्या रकान्यात कसं न्यायचं?

पहाटेची_एंट्री:
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या दूध संकलन केंद्रावर माझे काका एंट्री करतात, त्यांच्यासाठी साधं वेबपेज केलंय, फ्रेमवर्क वगैरे काही नाही, नुसतं एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट. रकाने चारच, सभासद नंबर, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) आणि खाली 'जतन करा' बटण. पहाटे लोक किटल्या घेऊन रांगेत उभे असतात, काकांचा डावा हात नमुन्याच्या बाटलीवर आणि उजवा नंबरपॅडवर, आणि नंबरपॅडला एंटर आहे पण टॅब नाहीये. मग ते सवयीने सभासद नंबर टाकून एंटर मारतात की फॉर्म तसाच अर्धा सबमिट होतो. मी पूर्ण फॉर्मवर कीडाऊन (कळ दाबली की चालणारा कोड) लावून एंटर अडवला तर आता बटणावर फोकस (कीबोर्डची निवड) असतानाही एंटर चालत नाही. दुसरं म्हणजे नवीन सभासदाचं नाव मराठीत टाकायचा वेगळा फॉर्म आहे, तिथे फोनेटिक कीबोर्डवर (इंग्रजी अक्षरांत उच्चार टाइप केला की मराठी शब्द सुचवणारा) शब्द निवडायला एंटर दाबला की कर्सर थेट पुढच्या रकान्यात पळतो. काय करू?

जुना_कीबोर्ड:
आधी हे लक्षात घ्या की ब्राउझर चुकत नाहीये. फॉर्मात सबमिट बटण असलं की टेक्स्टच्या रकान्यात एंटर म्हणजे सबमिट, हा त्याचा ठरलेला नियमच आहे. तुम्ही सगळीकडे एंटर अडवलात म्हणून बटणही मेलं. कीडाऊन फॉर्मवरच राहू द्या, पण आत आधी तपासा की फोकस इनपुट किंवा सिलेक्टवर आहे का. असेल तरच प्रिव्हेंट डिफॉल्ट करून (म्हणजे ब्राउझरची नेहमीची कृती थांबवून) पुढच्या रकान्यावर फोकस द्या, बटण आणि टेक्स्टएरिया (अनेक ओळींचा रकाना) असेल तर हातच लावू नका. टेक्स्टएरियात माणसाला नवी ओळ हवी असते हो. शेवटच्या रकान्यात एंटर आला की रिक्वेस्टसबमिट बोलवा, नुसतं सबमिट नको, कारण नुसत्या सबमिटने ब्राउझरची तपासणी होत नाही आणि तुमचा सबमिट हँडलरही (सबमिटच्या वेळी चालणारा तुमचा कोड) चालत नाही.

एक बारीक गोष्ट लोक विसरतात. टॅबने रकान्यात आलं की आतला आकडा आपोआप सिलेक्ट होतो, स्क्रिप्टने फोकस दिला तर तसं होतंच असं नाही. फॅटच्या रकान्यात आधीचं ३.५ पडलेलं असलं आणि काकांनी वर ४.१ टाइप केलं तर दोन्ही आकडे चिकटून बसतील. म्हणून फोकसनंतर लगेच सिलेक्टही करा. आणि एंटर दाबून धरला गेला तर एका दमात चारही रकाने ओलांडून सेव्ह होईल, त्यासाठी इव्हेंटचं (कळ दाबल्याची ब्राउझरने दिलेली माहिती) रिपीट ट्रू असेल तर एंटर अडवायचा पण पुढे न्यायचं नाही.

अक्षरवेडी:
नावाच्या फॉर्मबद्दल सांगते, हे मी स्वतः भोगलंय. फोनेटिकमध्ये शब्द जुळत असताना जो एंटर असतो तो कीबोर्डचा असतो, फॉर्मचा नाही. इव्हेंटवर इझकंपोझिंग नावाची प्रॉपर्टी आहे, शब्द अजून जुळतोय का ते सांगणारी, ती ट्रू असेल तर काही न करता परत फिरायचं. सफारीच्या बऱ्याच आवृत्त्यांत मात्र शब्द पक्का करणारा एंटर यायच्या आधीच ती फॉल्स झालेली असते, म्हणून कीकोड (कळीचा जुन्या पद्धतीचा क्रमांक) २२९ आहे का तेही बघायचं. कीकोड जुनं झालंय, वापरू नका म्हणतात ते खरं, पण या एका कामाला अजून लागतं. इनस्क्रिप्टने (प्रत्येक कळीला ठरलेलं मराठी अक्षर असलेला लेआउट) टाइप करणाऱ्यांना हा त्रास नाही, तिथे अक्षर थेट उमटतं.

आणि लिटर-फॅटला नंबर टाइप ठेवू नका प्लीज. वरच्या-खालच्या बाणाला चुकून बोट लागलं की आकडा गुपचूप बदलतो, आणि फॅटच्या एका पॉइंटवर शेतकऱ्याचा दर ठरतो! टेक्स्ट ठेवा, इनपुटमोड डेसिमल द्या, म्हणजे मोबाइलवर आकड्यांचा कीबोर्ड येतो. तसंच काही मराठी लेआउटला वरच्या ओळीतून देवनागरी अंक पडतात आणि जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधला (मजकूर ठरावीक नमुन्यात आहे का ते तपासायची सोय) अंकाचा शॉर्टकट ०१२३ ला अंक मानतच नाही, त्यामुळे तपासणीआधी ते बदलून घ्या.

स्क्रीनरीडरवाला:
मी माऊस वापरतच नाही, सगळं कीबोर्ड आणि एनव्हीडीएवर (स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम), म्हणून तीन विनंत्या. टॅब आणि शिफ्ट टॅबला अजिबात हात लावू नका, एंटर ही जादा सोय असू दे. सहा अंक झाले की आपोआप पुढे ढकलणारी स्क्रिप्ट लावू नका, चूक दुरुस्त करायला मागे आलो की पुन्हा पुढे फेकला जातो, वैताग येतो अक्षरशः. आणि 'जतन झाले' साठी अलर्ट नको, घाईतला पुढचा एंटर तो अलर्टच बंद करतो आणि काय लिहिलं होतं ते कुणी वाचत नाही. रोल स्टेटस (मजकूर बदलला की स्क्रीनरीडरला कळवणारी खूण) दिलेल्या एका डिव्हमध्ये (पानावरच्या एका चौकोनात) मजकूर टाका, फोकस न हलवता मला ऐकू येतो. फोकसची चौकटही सीएसएसने घालवू नका.

पहाटेची_एंट्री:
खूप आभार सगळ्यांचे, रात्री बसून सगळं केलं. सेव्ह झाल्यावर फोकस परत सभासद नंबरवर आणला, आणि 'जतन झाले' सोबत सभासदाचं नाव व लिटर मोठ्या अक्षरात दाखवले म्हणजे रांगेतल्या माणसालाही दिसतं. आज सकाळी काकांनी पूर्ण पाळी माऊसला न शिवता केली. फक्त एकदा लिटर चुकले तेव्हा मागे यायला डावा हात शिफ्ट टॅबवर न्यावा लागला आणि नमुना सांडता सांडता राहिला. मग नंबरपॅडच्या वजा बटणावर 'मागचा रकाना' लावलं, या चार रकान्यांत वजा कधीच लागत नाही. नावाच्या फॉर्मवर लावलेलं नाही, तिथे कुणाच्या नावात रेघ येऊ शकते.

जुना_कीबोर्ड:
वजाचं मस्त केलंत. फक्त वरच्या ओळीतला वजा सोडून द्या, इव्हेंटच्या कोडमध्ये नमपॅडसबट्रॅक्ट आलं तरच मागे न्या.