व्हिस्परवाले हॅम नव्हेत? मग कोण हो?

दोनशे_मिलिवॅट: "व्हिस्परचा बीकन लावून झोपणारे हॅम नव्हेत, वीजमीटर आहेत." कालच्या धाग्यातली ही पिंक वाचून राहवलं नाही. नवख्यांसाठी: हॅम म्हणजे हौशी रेडिओवाले, बीकन म्हणजे आपोआप सिग्नल पाठवत राहणारा ट्रान्समीटर, आणि व्हिस्पर (WSPR) म्हणजे अगदी क्षीण सिग्नलही संगणकाने ओळखायची पद्धत. आमची सोसायटी गच्चीवर अँटेना लावू देत नाही. बाल्कनीच्या कठड्याला वायर, पॉवर 200 मिलिवॅट. 110 सेकंदांत कॉलसाइन (स्टेशनची ओळख), ग्रिड (नकाशावरचा चौकोन) आणि पॉवर, एवढंच जातं. सकाळी बघतो तर ऑस्ट्रेलियात ऐकलेला! कानाला तिथे नुसती खरखर लागली असती.

जुनी_खटखट: पोचलं तुझं यंत्र, तू घोरत होतास. मोर्समध्ये दोनदा नापास होऊन लायसन्स काढलंय मी. बँड (लहरींचा पट्टा) उघडाय का, म्हणजे लांबचं ऐकू येतंय का बघायचं तर 14.100 मेगाहर्ट्झवर कान लावा. जगभरचे 18 बीकन, प्रत्येकी 10 सेकंद, तीन मिनिटांत फेरी पूर्ण. श्रीलंकेचा तर पुण्यात सहज येतो.

ग्रिड_एमके68: काका, तेही बीकन आपोआपच चालतात.

जुनी_खटखट: त्यांना निदान मोर्स येतं.

फुकटचा_सल्ला: ह्याच व्हिस्परच्या डेटावरून बेपत्ता विमान एमएच 370 शोधणार होते ना?

ग्रिड_एमके68: तो दावा खुद्द जो टेलरने उडवून लावलाय. व्हिस्पर त्याचंच, 2008 चं. 1993 चं भौतिकशास्त्राचं नोबेलही त्याला आहे. तोही वीजमीटरच का?

जुनी_खटखट: नोबेल पल्सर ताऱ्यांचं होतं, बीकनचं नव्हे. 2001 ला भुजच्या भूकंपात माणसं माईकवर बसली होती, रात्रंदिवस. कुजबुज कामाला आली नाही.

दोनशे_मिलिवॅट: तेव्हा व्हिस्पर नव्हतंच! आणि पुण्याहून भुजला 20 मीटरच्या बँडवर ओरडत बसलात तर सिग्नल बहुतेक वेळा डोक्यावरून जातो. कुठला बँड कधी चालतो ते आधी माहीत नको?

एलईडीग्रस्त: बँड सोडा, आधी नॉइजचं (विजेच्या उपकरणांच्या खरखरीचं) बोला. रोज संध्याकाळी 7 ला माझे स्पॉट्स (मी ऐकलेल्या स्टेशनांच्या नोंदी) गायब. प्रोपगेशन (लहरींचा प्रवास) बिघडलं म्हणून तीन महिने गप्प बसलो. मग लॉग काढला. लांबच्या एकाच स्टेशनचा सिग्नल 7 च्या ठोक्याला नॉइजच्या तुलनेत 15 डीबी खाली. आयनोस्फिअर (लहरी परतवणारा वातावरणाचा वरचा थर) घड्याळ बघून बसत नाही. जिन्यातले नवे एलईडी! सेक्रेटरी म्हणाले, "तुमच्या छंदासाठी लोकांनी अंधारात चढायचं का?"

फुकटचा_सल्ला: फेराइट (वायरवरची खरखर अडवणारं कडं) लावा.

एलईडीग्रस्त: चौदा दिव्यांना? स्वखर्चाने? सहा लावले. पैसे मागितले तर सभेत हशा.

ग्रिड_एमके68: आमच्याकडे लिफ्टचा ड्राइव्ह. 40 मीटरचा बँड मेला.

जुनी_खटखट: माझ्याकडे सोलर इन्व्हर्टर असावा. शेजारी म्हणतो, रिगच (रेडिओ संच) जुनी. दोन वर्षं बोलत नाही आम्ही.

एलईडीग्रस्त: नुसता रिसीव्हर लावा काका. सूर्य मावळला की आकडे सुधारले तर इन्व्हर्टरच.

दोनशे_मिलिवॅट: सूर्य मावळला की प्रोपगेशनही बदलतं. ढगाळ दिवसही धरा, नाहीतर शेजारी ऐकायचा नाही.

जुनी_खटखट: तो लॉग कुठे दिसतो ते पाठवा. बीकन मी लावणार नाही. फक्त त्याच्या तोंडावर कागद ठेवायचाय.