अत्तरासाठी आल्याचं तेल: ओलं आलं की सुंठ?

सातारकर_शेतकरी: आल्याचा भाव पडलाय म्हणून म्हटलं तेल काढून अत्तरवाल्यांना द्यावं. मित्राच्या गवती चहाचं तेल काढायच्या वाफेच्या भट्टीवर 20 किलो ओलं आलं घातलं, तर तेल जेमतेम 30 मिली! काय चुकलं?

अत्तरवेडी: फारसं काही चुकलं नसावं हो दादा, ओल्या आल्यात 80 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. सुंठेत तेल दीड ते तीन टक्के, पण 20 किलोची सुंठ होणार चारेक किलो, म्हणजे टक्केवारीत दिसतो तेवढा फरक नाही. उलट ओल्याच्या तेलाला लिंबासारखा ताजा वास असतो, वाळवताना तोच उडतो. साल काढली होती का?

सातारकर_शेतकरी: हो, घासून चकाचक केलं होतं ना 😅

अत्तरवेडी: अरेरे! तेल सालीखालीच जास्त असतं, नुसतं धुवा.

भट्टीवाला: आणि तेल तिखट लागलं नाही म्हणून भेसळ समजू नका, तिखटपणा जिंजेरॉल या आल्यातल्या घटकाचा, तो वाफेबरोबर येतच नाही. तो पाहिजे तर सीओटू एक्स्ट्रॅक्ट (दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडने काढलेला अर्क), पण त्याचं मशीन आपल्या खिशाबाहेरचं. आधी गिऱ्हाईक बघा मग भट्टी पेटवा, आम्ही उलटं केलं, बाटल्या अजून कपाटात आहेत.