मदत हवी आहे : अ‍ॅनिमेशनच्या स्लाइड्स एकेक पायरी वेगळी छापायच्या आहेत

नमस्कार मंडळी. दहावीच्या भूमितीतल्या रचना मी पॉवरपॉइंटवर शिकवते. बाह्यबिंदूतून वर्तुळाला स्पर्शिका काढायची तर प्रत्येक क्लिकला एक गोष्ट दिसते: आधी वर्तुळकेंद्र ओ आणि बाह्यबिंदू पी जोडणारी रेख ओपी, मग तिचा लंबदुभाजक, मध्यबिंदू एम, एम केंद्र धरून दुसरं वर्तुळ आणि शेवटी दोन्ही स्पर्शिका. मधूनच कंपासचं चित्र येतं आणि निघून जातं. पडद्यावर झकास दिसतं.

प्रिंट काढली की सगळा गोंधळ. अख्खी स्लाइड एकाच चित्रात येते, निघून गेलेला कंपाससुद्धा आकृतीवर ठाण मांडून बसतो! पीडीएफचंही तेच. मुलांना नेमका क्रमच तर हवा असतो.

स्लाइड डुप्लिकेट करून नको ते पुसत जाणं हा उपाय माहीत आहे, पण सगळ्या रचनांसाठी ते करत बसायचं म्हणजे शिक्षाच. शिवाय मूळ फाइलमध्ये एक अक्षर बदललं की सगळ्या प्रतींत बदला.

पीपीस्प्लिट नावाचं अ‍ॅड-इन (पॉवरपॉइंटला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) पायऱ्यांच्या वेगळ्या स्लाइड्स करून देतं म्हणे. कुणी वापरलंय का? निघून जाणाऱ्या वस्तू त्यात नीट गायब होतात का? आणि स्लाइड क्रमांकांचं काय होतं? लिबरऑफिस या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली तर माझे मराठी फॉन्ट विस्कटतात, त्यामुळे शक्यतो पॉवरपॉइंटमधलाच मार्ग सांगा. एका कागदावर सहा चित्रं बसली तर सोन्याहून पिवळं, झेरॉक्सचा खर्च वाचेल.