साठीनंतर पाठीवर ओझं घेऊन लांब चालायचं, तर सामान किती लागतं?

गोदीवाला_माझगाव
नमस्कार मंडळी. वय ६३. गोदीत वेल्डर होतो, आता रिटायर. आळंदी ते पंढरपूर वारी पायी केलीय, अडीचशे किलोमीटरच्या आसपास. पण तिथे सामान दिंडीच्या ट्रकमध्ये, आपल्या खांद्याला नुसती पाण्याची बाटली. आता दिवाळीनंतर लोणावळा ते भीमाशंकर डोंगरातून जायचं मनात आहे, सगळं पाठीवर घेऊन, तीन-चार दिवस. सोबत गोदीतलाच एक दोस्त. मुलाने यादी काढली: सॅक, बूट, तंबू, स्लीपिंग बॅग, काठ्या. बेरीज तीस हजारांवर गेली. बायको म्हणते, तेवढ्यात चारधाम होईल. खरंच लागतं का एवढं?

घाटवाटा_डोंबिवली
काका, बूट चांगले घ्या, बाकीचं भाड्याने आणा. आणि वाट माहीत असलेला गावातला माणूस सोबत घ्या. त्या बाजूला ढोरवाटा इतक्या फुटतात की मोबाइलवरचा नकाशाही गोंधळतो.

लालबागची_सिस्टर
दादा, यादी मुलाला परत द्या. मी नर्स होते, सगळी नोकरी उभ्याने. आता सत्तरीला टेकलेय आणि हिवाळ्यात डोंगरात जाते. माझी सॅक म्हणजे नातवाचं जुनं दप्तर.

एमा गेटवूड नावाची एक अमेरिकन बाई होती. १९५५ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, अपालेशियन ट्रेल ही अमेरिकेतली लांबलचक डोंगरवाट एकटीने चालली. जॉर्जिया राज्यापासून मेन राज्यापर्यंत तेव्हाचे २,०५० मैल, म्हणजे ३,३०० किलोमीटर. मे महिन्यात निघाली, सप्टेंबरच्या शेवटी पोचली. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली डेनिमची पिशवी, पावसासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा. तंबू नाही, स्लीपिंग बॅग नाही. एवढं सगळे कौतुकाने सांगतात.

पुढचं कोणी सांगत नाही. आदल्या वर्षी ती मेनच्या बाजूने निघाली होती. वाट चुकली, चष्मा फुटला, घरी परतावं लागलं. कॅनव्हासचे बूटही वाटेत फाटत गेले आणि ती नवे घेत गेली. आणि बाई अकरा मुलांची आई, जन्मभर शेतात राबलेली, मारकुट्या नवऱ्याबरोबर तीस वर्षांहून जास्त काढून मग घटस्फोट घेतलेली. तिची पिशवी बघून आपण पिशवी शिवायची, हे मला पटत नाही. आधी आपलं अंग बघायचं. तुमचे खांदे वेल्डिंगने तयार असतील, पण गुडघ्यांचं काय?

ते कळायला पैसे लागत नाहीत. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात सकाळी जा (सोमवारी बंद असतं), गेटपासून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत चालत, पाठीवर पाच किलो तांदूळ. वर पोचलात म्हणून खूश होऊ नका, उतरताना काय होतं ते बघा. चढ दम काढतो, उतार गुडघा काढतो. चाळीत राहत असाल तर तीच तांदळाची पिशवी घेऊन जिने. शेजारी हसतात, हसू द्या.

पैसे घालायचे ते पायात. बूट संध्याकाळी विकत घ्या, दिवसभराने पाय सुजलेले असतात. पुढे अंगठ्याला बोटभर जागा हवी, नाहीतर घसाऱ्यावरून उतरताना नख काळं पडतं. नखं सरळ कापा, कडा गोल करू नका. मोजे दोन घालायचे, आतला पातळ, आणि सुती नकोत, घामाने भिजले की घासतात. माझ्या पायात हजार-बाराशेचे ट्रेकिंग बूट असतात, तळ झिजला की बदलते. त्याहून महाग घेऊन बघितले नाहीत, गरज पडली नाही.

काठी गावात मिळते. तंबूचं वजन कशाला? देऊळ असतं, शाळेची पडवी असते, विचारलं तर कुणाची ओटीही मिळते. फुकट मात्र राहू नये, जेवणाचे पैसे हातावर ठेवून निघावं. खायला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, राजगिऱ्याचे लाडू.

कल्याण_ट्रेकर
सिस्टर, तंबू नको हे मान्य. पण दिवाळीनंतर डोंगरात पहाटे गारठा असतो, ओटीवर नुसत्या चादरीने भागणार नाही. शिवाय एक काठी कशाला? उतारावर दोन असल्या की गुडघ्यांवरचा भार वाटला जातो. आणि ‘साधं सामान’ म्हणत लोक टॉर्च विसरून येतात. अंधारात घाटवाटेवरून मोबाइलच्या उजेडात उतरणारे पाहिलेत मी.

लालबागची_सिस्टर
दोन काठ्यांचं बरोबर. चादरीचं मी कुठे म्हटलं? स्वेटर, कानटोपी आणि पातळसं ब्लँकेट, एवढं ओझं मीही उचलते. डोक्याला बांधायची टॉर्च आणि शिट्टी हवीच, त्यात काटकसर नको.

पाण्याचंही सांगते. वय झालं की तहान कमी लागते, शरीराला पाणी हवं असतं पण कळत नाही. तहानेची वाट बघू नका, थोड्या थोड्या वेळाने घोट घ्या. साखर-मिठाचं पाणी घरच्या घरी होतं: लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि सपाट भरून. मात्र बीपीची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, त्यात दिवसभर घाम गाळलात तर चक्कर येते. वॉर्डात असे पेशंट पाहिलेत, नुसते बाजारात जाऊन आलेले.

गोदीवाला_माझगाव
सिस्टर, बीपीची गोळी आहे. शुक्रवारी डॉक्टरांकडे जातो. पिशवी शिवायची नाही म्हणालात, पण माझ्याकडे गोदीतली ताडपत्री पडून आहे, हात शिवशिवतायत. बायकोला तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं, आता तिलाही कान्हेरीला यायचंय. एक विचारायचं राहिलं. वारीत टाचेला फोड आला होता, तो फोडायचा की नाही यावर दिंडीत भांडण झालं.

लालबागची_सिस्टर
फोडू नका. वरची कातडी हेच ड्रेसिंग. खरं तर तिथवर जाऊच द्यायचं नाही. चालताना टाचेला कुठे गरम लागलं की तिथेच बसा, बूट काढा, पाय पुसून कोरडा करा आणि त्या जागी मायक्रोपोर (ड्रेसिंगची कागदी चिकटपट्टी) चिकटवा. पुढच्या टप्प्यावर बघू म्हणायचं नाही, दोस्त पुढे गेला तर जाऊ दे. पट्टीच्या कडा दुमडल्या तर त्याच टोचतात, म्हणून कोपरे कात्रीने गोल कापून न्या.

ताडपत्रीची सॅक मात्र शिवू नका, रिकामीच दोन किलो भरेल.