इंग्रजी अनेकवचनं: कशी शिकलात, कशी शिकवलीत?

नियम पुस्तकात आहेतच. घरात, वर्गात नेमकं काय कामी आलं, ते लिहा.

निवृत्त शिक्षिका, सातारा जिल्हा
२००० साली आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, तेव्हा पहिलीचाच वर्ग माझ्याकडे होता. 'एस लावा, ईएस लावा' हे फळ्यावर लिहिण्याआधी मी मुलांकडून म्हणवून घ्यायचे. कॅट्स, कप्स, बुक्स: शेवटी 'स'. डॉग्झ, पेन्झ: शेवटी 'झ'. मग सांगायचे, आता 'बस'ला नुसता 'स' लावून दाखवा बरं. 'बसस' म्हणताना जीभ अडखळते आणि मुलं आपसूक 'बसिझ'कडे वळतात. बॉक्स, डिश, बेंच यांचंही तेच. ईएस कशासाठी ते कानाला कळलं की यादी घोकावी लागत नाही. अनेकवचन आधी तोंडी, मग वहीत, हे माझं आजही ठाम मत आहे.

परभणीहून
'शीप'चं अनेकवचनही 'शीप' कसं, यावर आमचा वर्ग अडला होता. सर म्हणाले, "एक बैल आला, चार बैल आले. बैल शब्द बदलला का रे?" शेतकऱ्यांची पोरं आम्ही, लगेच पटलं.

न्यू जर्सीतली आई
लेक आधी व्यवस्थित 'फीट', 'माइस' म्हणायची. तिसऱ्या वर्षी अचानक 'फुट्स', 'माउसेस' सुरू झालं. माझ्या पोटात गोळा आला. तिच्या बाईंनी समजावलं: आधी मूल ऐकलेला शब्द जसाच्या तसा उचलतं, नियम गवसला की तो सगळीकडे लावून बघतं. भाषा-संशोधक जीन बर्को यांनी १९५८ साली मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं, नाव 'वग'. मग असे दोन दाखवले, तर मुलं 'वग्झ' म्हणाली. कधीच न ऐकलेल्या शब्दाचं अनेकवचन! तेव्हापासून मी टोकणं सोडलं. ती 'माय फुट्स आर वेट' म्हणाली की "हो का, युअर फीट आर वेट? चल पुसू" एवढंच म्हणायचे. हळूहळू 'फीट' परत आलं.

प्रौढांचे वर्ग घेते, पुणे
मोठ्यांची खरी अडचण फर्निचर, लगेज, ॲडव्हाइस, इन्फर्मेशन इथे येते. एस लावायचा मोह सुटत नाही. मी 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस', 'टू पीसेस ऑफ लगेज' असे अख्खे तुकडेच म्हणवून घेते.

कोल्हापूर, महाविद्यालयात शिकवतो
'ऑक्सन', 'चिल्ड्रन' म्हटलं की मुलं वैतागतात. जुन्या इंग्रजीत कितीतरी शब्दांचं अनेकवचन असंच 'न'ने व्हायचं. पुढे बहुतेकांनी एस धरला, हे थोडे मागे राहिले. एवढं सांगितलं की तीच मुलं 'ब्रदर'चं जुनं अनेकवचन 'ब्रेदरन' स्वतः शोधून आणतात.