मदत हवी आहे: हापूसच्या उंच कलमांवरची बांडगुळं पोल सॉने काढायची आहेत

नमस्कार मंडळी,

राजापूर तालुक्यात आमची हापूसची जुनी बाग आहे. आजोबांनी लावलेली कलमं, आता पार उंच गेलीत. यंदा बांडगूळ भलतंच माजलंय. दिवाळीच्या सुमारास, मोहोर यायच्या आत ते काढून टाकायचं आहे.

पूर्वी गडी झाडावर चढून कोयत्याने काढायचे. आता तसे चढणारे फारसे मिळत नाहीत, आणि जे आहेत त्यांना शेवाळलेल्या खोडावर चढवायला माझं मन धजत नाही. म्हणून पेट्रोलवर चालणारा पोल सॉ, म्हणजे लांब दांड्याच्या टोकाला साखळीची करवत असलेलं मशीन, घेतला. दांडा लांब-आखूड करता येतो, पुढे १० इंची बार (ज्याच्याभोवती साखळी फिरते ती पट्टी) आहे. दुकानात सुरू करून दाखवला, साखळीचं ऑइल कुठे घालायचं ते सांगितलं, पण फांदी कशी पाडायची यावर कोणी बोललं नाही.

मशीन चालवणार आहेत आमच्याकडे वर्षानुवर्षं काम करणारे दादा. त्यांना काही झालं तर ती जबाबदारी माझी, म्हणून आधी नीट विचारून घेते आहे.

बागेत सपाट जागा कमी, उतार जास्त, आणि बऱ्याच कलमांच्या मागेच गडगा (दगड रचून केलेलं कुंपण) आहे. अशा ठिकाणी उभं कुठे राहायचं? दादांचं म्हणणं, खालच्या बेचक्यात उभं राहून चालवला तर शेंड्यापर्यंत हात पोचेल. मला ते पटत नाही, पण नुसतं ‘नको’ म्हणण्यापेक्षा त्यांना कारण सांगता यायला हवं. दुसरं, बांधाकडच्या काही कलमांना लागून विजेच्या तारा जातात. तिथे काय करायचं? आणि साखळी फांदीत अडकली तर?

ज्यांनी स्वतः वापरलाय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

— कातळावरची

प्रतिसाद: देवगडकर

ताई, बेचक्याचा विचार सोडून द्या. हे मशीन दोन्ही पाय जमिनीवर आणि दोन्ही हात दांड्यावर ठेवूनच चालवायचं असतं. फांदी तुटते त्या क्षणी पुढचं वजन एकदम बदलतं आणि दांडा झटका देतो. जमिनीवर माणूस एक पाऊल मागे सरकून तोल सावरतो. बेचक्यात ते पाऊल टाकायला जागाच नसते. शिडीवरही हेच. दादांना एवढंच सांगा, त्यांना लगेच कळेल.

आता उभं कुठे राहायचं. फांदीच्या बरोबर खाली कधीच नाही. दांडा जमिनीशी ६० अंशांपेक्षा उभा करायचा नाही, हा नियम पक्का धरा. पण तेवढ्याने भागत नाही. हातापुढे ३ मीटर दांडा असेल तर ६० अंशांत त्याचं टोक तुमच्यापासून आडवं जेमतेम दीड मीटरवर असतं. म्हणजे कापलेला तुकडा दोन मीटरचा असेल आणि पडताना फिरला, तर तो तुमच्यावर येऊ शकतो. म्हणून मोठी फांदी एका घावात पाडायची नाही. शेंड्याकडून हात-हातभराचे तुकडे करत खोडाकडे यायचं. वेळ लागतो, लागू द्या.

प्रत्येक काप आधी खालून, जाडीच्या साधारण पाव भागाइतका. मग वरून, किंचित बाहेरच्या बाजूला. थेट वरून कापलं तर फांदी वाकते, साल सोलत खोडापर्यंत फाटत जाते आणि कलमाला मोठी जखम होते. वरून कापताना बारच्या मुळाशी असलेला आकडा फांदीला टेकवून धरा. साखळी स्वतःच फांदी आकड्याकडे ओढते, दांडा थरथरत नाही. बारचं टोक मात्र कशालाही लागू देऊ नका, तिथूनच उलटा झटका बसतो.

गडग्याबद्दल: मशीन सुरू करण्याआधी मागे जायची वाट मोकळी करा. पाला, सुटे दगड, आधी पाडलेल्या फांद्या, सगळं बाजूला. उतारावर फांदीच्या खालच्या अंगाला उभं राहायचं नाही, पडलेला तुकडा घरंगळत तिकडेच येतो. मागे गडगाच असेल तर दुसऱ्या बाजूने जमतं का बघा. नाही जमलं तर ते झाड त्या दिवशी सोडा.

साखळी अडकली तर आधी इंजिन बंद. मग दुसऱ्या दांड्याने किंवा दोरीने फांदी उचलून फट उघडायची आणि बार सोडवायचा. चालू इंजिनवर हिसके देणारे मी पाहिलेत, फार वाईट वाटतं बघून.

डोक्यावर हेल्मेट आणि त्याच्या तोंडावरच्या जाळीखाली वेगळा चष्मा हवाच. वर बघून काम करताना भुसा आणि आंब्याचा चीक सरळ डोळ्यात येतो. कानाला मफ लावले की हाका ऐकू येत नाहीत, म्हणून मदतनीस १५ मीटर लांब आणि दादांना दिसेल असा उभा करा. त्याने हात वर केला की मशीन थांबलं पाहिजे. फांदीला दोरी बांधून खालून ओढणारा माणूस आपल्याकडे हमखास असतो, तो अजिबात नको. आणि आधी फांदीवर लाल मुंग्यांचं किंवा गांधीलमाश्यांचं घरटं आहे का ते बघून घ्या.

प्रतिसाद: निवृत्त वायरमन

तारांजवळची कलमं स्वतः कापू नका. ही विनंती नाही, कळकळीने सांगतोय. दांडा ॲल्युमिनियमचा असतो आणि हे मशीन विजेपासून संरक्षण देत नाही. ११ हजार व्होल्टच्या लाइनला तर स्पर्शही व्हावा लागत नाही, नुसतं जवळ गेलं तरी वीज उडी मारते. ओल्या फांदीतूनही करंट येतो. तारांपासून निदान १५ मीटर लांब राहा. कापलेली फांदी तारेवर पडण्याचा धोकाही धरा.

तुमच्या वीज कार्यालयात लेखी अर्ज द्या. लाइन बंद करून, अर्थिंग करून, त्यांच्या माणसांसमोरच ते काम व्हायला हवं. घरची लाईट गेली म्हणजे तार मेली असं समजू नका. कुणाच्या जनरेटरमधून उलटा करंट येऊ शकतो. फांदी तारेवर पडलीच तर जवळ जाऊ नका, कुणाला जाऊ देऊ नका, १९१२ ला फोन करा.

प्रतिसाद: कातळावरची

दोघांचेही मनापासून आभार. दादांना वाचून दाखवलं. बेचक्याचं त्यांना लगेच पटलं. तारांकडच्या कलमांसाठी उद्याच अर्ज देते. आता एकच: बांडगूळ नेमकं कुठून कापायचं? नुसता झुबका काढला तर परत फुटतं.

प्रतिसाद: देवगडकर

फुटणारच, कारण त्याची मुळं फांदीत घुसलेली असतात. फांदीवर फुगीर गाठ दिसेल. तिच्या खाली, खोडाच्या बाजूला, वीत-दीड वीत निरोगी लाकडावर काप घ्या. गाठ खोडालाच किंवा बारच्या लांबीपेक्षा जाड फांदीवर असेल तर पोल सॉ लावू नका, नुसता झुबका काढा आणि दरवर्षी लक्ष ठेवा. बांडगुळाला फळं धरायच्या आत काढलंत तर उत्तम, पक्षी त्याच्या चिकट बिया झाडोझाडी नेतात.

कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावा. १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. मोरचूद प्लॅस्टिकच्या बादलीत भिजवा, लोखंडी भांड्यात नको. बांबूला ब्रश बांधला की खालूनच लावता येते.