मदत हवी आहे: सरावासाठी स्वस्त कुलपं कुठे मिळतील? (जळगाव, भुसावळ, धुळे)

नमस्कार मंडळी. मला किल्लीशिवाय कुलूप उघडायचा नाद लागलाय. फक्त स्वतःची कुलपं, तीही टेबलावर. दाराला लावलेल्याला हात लावत नाही. (शेजारच्या काकांनी तरी विचारलंच, "काय भो, रातले कोना घर जानं से?")

वायपरच्या जुन्या ब्लेडमधली स्टीलची पट्टी घासून हत्यारं केली. ऑनलाइन मागवलेलं पारदर्शक कुलूप दोन दिवसांत पाठ झालं. आतल्या पिना (किल्लीने वर उचलल्या जातात त्या बारीक दांड्या) दिसतात, मग कानाचं आणि बोटांचं काम उरतंच कुठे? पीन जागेवर बसल्याचा तो बारीक 'टक्' हाताला कळायला हवा.

म्हणून भंगारवाल्याकडून किल्ली हरवलेली सात कुलपं किलोवर उचलली. घरी बघतो तर पाच लिव्हरची (आत पिनांऐवजी सपाट पट्ट्या असलेली), आणि उरलेल्या दोनमध्ये गंज! आपल्याकडे अलिगढी लिव्हरचाच भरणा. मला पिनांची हवीत: पितळी, चार-पाच पिनांची. अॅल्युमिनियमच्या दारांच्या कुलपांचे जुने सिलेंडर (किल्ली जाते तो पिनांचा भाग) मिळाले तर सोनंच. ते खोलून दोनच पिना ठेवायच्या, जमलं की तिसरी घालायची.

तर जळगावच्या फुले मार्केटात किंवा भुसावळकडे कोणी किल्लीवाले, फॅब्रिकेशनवाले काढलेले सिलेंडर विकतात का? नगाला पन्नासच्या आत बसावं. आणि दुकानात चावी न घालता पिनांचं की लिव्हरचं हे कसं ओळखता? मी किल्लीचं भोक बघून दोनदा फसलोय.